‘बरं हाय’ची वैरीण

नागूबाई तळभंडारेला शिव्यांचा राग येत नाही. सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया म्हणून काढलेल्या बाईला शिव्यांचं काय कौतुक? तिला राग येतो तो दोन शब्दांचा. ‘बरं हाय.’ हे शब्द कानावर पडले की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि समोर कोण आहे याची पर्वा न करता ती म्हणते, “बरं हाय तर हितं कशाला आलायसा? जावा की घरला.”

याचं मूळ वॉर्डातल्या सकाळच्या राउंडमध्ये आहे. डॉक्टर खाटेपाशी थांबायचे, मागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. “काय आजी, कसं काय?” आणि जी आजी पहाटेपर्यंत पदराचा बोळा तोंडात धरून कण्हत होती, ती पदर नीट करून सांगायची, “बरं हाय, सायेब.” साहेब पुढच्या खाटेकडे सरकायचे आणि आजी भिंतीकडे तोंड करून पुन्हा कण्हायला मोकळी व्हायची. पाहुण्याने विचारलं तरी बरं हाय, तलाठ्याने विचारलं तरी बरं हाय, ही आपली रीत. ती रीत दवाखान्यात आणून बायका हाल सोसत होत्या, आणि एवढं शिकलेल्या माणसाला त्या दोन शब्दांमागे डोकावून बघावंसं वाटत नव्हतं. एकदा नागूबाईला राहवलं नाही. फरशीचं फडकं हातात घेऊनच ती म्हणाली, “सायेब, खोटं बोलतीया ती. रातभर डोळ्याला डोळा न्हाय तिच्या.” त्यावर सिस्टरने तिला बाजूला घेऊन आयाने आयाचं काम करावं असं बजावलं. नागूबाईने आयाचं काम केलं. पण तेव्हापासून तिने विचारणाऱ्यालाही माफ केलं नाही आणि उत्तर देणारीलाही नाही.

निवृत्तीनंतर बुधवार पेठेतल्या घरात बसून राहणं तिला जमणारं नव्हतं. नवरा जालिंदर रेल्वेत होता, तो जाऊन सात वर्षं झालेली; मुलगा यशपाल पुण्याला. त्याच सुमारास सात रस्त्याजवळ एका ट्रस्टने ऑफिस थाटलं. कॅन्सर पुढे गेलेल्या, दवाखान्याने ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन बघायचं आणि स्वतःची काळजी स्वतःलाच घ्यायला शिकवायचं, असं ट्रस्टचं काम. काम चांगलं होतं. ते चालवायला बसवलेला सुमित नावाचा तिशीतला साहेब मात्र असा की दुखणं त्याने फक्त कॉम्प्युटरवर बघितलेलं. त्याने नागूबाईला एक पिशवी, एक ओळखपत्र आणि पुस्तिकांचा गठ्ठा दिला. पुस्तिकेवर छापलं होतं, ‘माझी व्याधी, माझे व्यवस्थापन’. आत ‘वेदनेचे स्व-मूल्यमापन करावे’ असं एक वाक्य होतं. नागूबाईने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे आजाऱ्यासाठी हाय का वकिलासाठी?”

पुस्तिकेच्या मधल्या पानावर तोंडांची रांग होती. शून्याला हसरं तोंड आणि दहाला रडकं. आजाऱ्याने आपलं दुखणं कुठल्या तोंडाएवढं आहे ते बोट ठेवून दाखवायचं. मंद्रूपच्या केराबाईपुढे नागूबाईने ते पान धरलं तेव्हा केराबाईने शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “ह्या लेकराची दिष्ट काडा की कुनीतरी. लई रडतंय.” नागूबाईने पुस्तिका पिशवीत टाकली ती पुन्हा बाहेर काढली नाही.

ट्रस्टचा दुसरा पराक्रम म्हणजे सोमवारचा फोन. ऋतुजा नावाची मुलगी ऑफिसात बसून एकेका घरी फोन लावायची. “कसं वाटतंय?” पलीकडून “बरं हाय” असं उत्तर आलं की ऋतुजा कॉम्प्युटरवर हिरवा ठिपका द्यायची. महिन्याच्या मीटिंगमध्ये सुमितने पडद्यावर ते ठिपके दाखवले. हिरवागार पडदा. “मावशी, आपले अठ्ठ्याऐंशी टक्के पेशंट ग्रीनमध्ये आहेत,” तो म्हणाला.

“त्यातली जिती किती हायती ते बगा आदी,” नागूबाई म्हणाली. सगळे हसले. ती विनोद करत नव्हती. ठिपक्यांच्या यादीतली दोन माणसं पंधरवड्यापूर्वी गेली होती, आणि त्यांच्या घरच्यांनीही फोनवर रीतीप्रमाणे ‘बरं हाय’च सांगितलं होतं.

त्याच यादीत अंबुबाई होती. वळसंगच्या पुढे आत एक वस्ती आहे, तिथली धनगराची बाई. तीन वर्षांपूर्वी छातीची गाठ काढली होती, आता दुखणं मणक्यात उतरलं होतं. तेरा सोमवार, तेरा हिरवे ठिपके. मणक्यात उतरलेलं माणूस तेरा आठवडे सलग बरं राहतं हे वाचून नागूबाई ऑफिसातच हसली, पिशवी उचलली आणि एसटी स्टँड गाठलं.

वस्तीवर पत्र्याचं घर, पुढे शेळ्यांचा गोठा आणि दारात अंबुबाईचा मुलगा जोतिराम. पस्तिशीचा, सज्जन चेहऱ्याचा. नागूबाईला सज्जन चेहऱ्यांचा विशेष संशय. सूनबाई राजनंदिनीने चहा आणला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, नागूबाईला कागदी कपात. कागदी कपाचा अर्थ नागूबाईला लहानपणापासून वाचता येत होता. तिने चहा प्याला, कप मुठीत चुरगाळला आणि जोतिरामच्या समोरच ठेवला.

“कसं हाय आक्का?” तिने अंबुबाईला विचारलं.

“बरं हाय की,” अंबुबाई म्हणाली. भिंतीला टेकून, एक खांदा वर चढवून ती बसली होती. असा खांदा चढवून बसलेल्या बायका नागूबाईने वॉर्डात शेकड्याने बघितल्या होत्या.

“बरंच हाय मावशी,” जोतिरामनेही री ओढली. “गोळ्या चालू हायत्या. गाठ हाय पाटीत, इरगळंल हळूहळू.”

नागूबाईने गोळ्या मागितल्या. जोतिरामने करगोट्याला बांधलेली किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. डॉक्टरांनी दर चार तासांनी एक मॉर्फिनची गोळी सांगितली होती. हा पठ्ठ्या ती विळीवर मोडून सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी देत होता. “अफूचीच की वो ती. सवय लागंल तिला,” तो कुजबुजला.

“लागू दे की! तिला कुटं नोकरीवर जायाचंय?” नागूबाई म्हणाली. “आन किल्ली करगोट्याला? गोळी कुनाची, दुखतंय कुनाला, आन किल्ली कुनाच्या कमरंला! वाटणी झकास केलीस बाबा.”

जोतिरामने किल्ली मुठीत धरली. पण अंबुबाई काही बोलायला तयार नव्हती. चार वेळा विचारलं, चारही वेळा बरं हाय. शेवटी धारेची वेळ झाली म्हणून ती भिंतीला धरून उठली आणि गोठ्याकडे गेली. नागूबाई तिच्यामागे जाऊन आडोशाला उभी राहिली. अंबुबाई पहिल्या शेळीपाशी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बोलू लागली. माणसांशी ती मराठी बोलायची. शेळ्यांशी मात्र माहेरचं कानडी. “बा इल्ली, तंगी… भाळ नोवु ऐति… भाळ नोवु…”

नागूबाईला कानडी बोलता येत नाही. पण अक्कलकोटकडच्या बायकांच्या खाटांखालची भांडी एकतीस वर्षं उचलल्यावर ‘नोवु’ म्हणजे दुखणं हे कळायला शाळा लागत नाही. लई दुखतंय गं, असं ही बाई शेळीला सांगत होती. डॉक्टर, ट्रस्ट, मुलगा, सून आणि सोमवारचा फोन या सगळ्यांना सोडून शेळीला. आणि खरंच, त्या सगळ्यांत शेळीच तेवढी शांतपणे ऐकून घेत होती.

“आक्का,” नागूबाई पुढे होऊन म्हणाली, “शेरडाला खरं सांगतीस आन मला खोटं? मी काय तलाठी हाय?”

अंबुबाई दचकली. मग ओशाळून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. “कुनाला सांगू बाई? पोरगं गाठ गाठ म्हनून मला खुळ्यात काडतंय. माजी सासू ह्यानंच गेली. मला ठावं न्हाय व्हय? पन त्याला वाटतंय मला ठावं न्हाय. मग म्या बी म्हनते, बरं हाय.”

आई मुलाला सांभाळत होती, मुलगा आईला सांभाळत होता, आणि दोघांच्या मध्ये दुखणं ऐसपैस पसरून बसलं होतं. नागूबाईला दोघांचाही संताप आला आणि दोघांचीही कणव आली. संताप नेहमीप्रमाणे आधी बाहेर पडला. तिने जोतिरामला हाक मारून तिथेच, शेळ्यांच्या साक्षीने, सगळं बोलायला लावलं. तो ढसाढसा रडला. अंबुबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “किल्ली दे.”

मग नागूबाईने आपलं काम सुरू केलं. तोंडांची रांग नाही, शून्य ते दहा नाही. “आदी किती शेरडांची धार काडायचीस?”

“चारी.”

“आन आता?”

“दोन. तिसरीच्या खाली बसले की पाट धरतीया.”

“मग झालं तर. रोज जितक्या शेरडांची धार हुईल तितकी चुन्याची बोटं भिंतीवर वडायची. मोडूनतोडून झाली तर अर्दं बोट. खोटं बोट वडलंस तर शेरडं हायती साक्षीला.”

अंबुबाईला हा हिशोब एकदम पटला. तिची पानाची चंची जवळच असायची, चुना हाताशी. गोळ्यांची पाकिटं तिने कमरेशी, लुगड्याच्या केळ्यात खोचली. पहिल्या आठवड्यात भिंतीवर रोज दीड-दोन बोटं उमटली. नागूबाईने ट्रस्टच्या डॉक्टरांना फोन लावला. “सायेब, अंबुबाई, वळसंग. दीड शेरडू.”

“काय?”

तिने समजावून सांगितलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि पोट साफ व्हायचं औषध जोडीला दिलं. पुढच्या आठवड्यात बोटं तीनवर गेली, एका दिवशी चार. अंबुबाई भिंतीपुढे उभी राहून ती बोटं मोजायची. तिसऱ्या खेपेला नागूबाईचा चहा स्टीलच्या पेल्यात आला. नागूबाईने चहा पिऊन पेला खाली ठेवला. आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि मग अर्थातच सुमित गाडी घेऊन आला. त्याने भिंतीचे फोटो काढले, अंबुबाईच्या हातात पुस्तिका देऊन तिचेही काढले. पुस्तिका उलटी होती. फोटोत ती तशीच उलटी आहे. “मावशी, हे इनोव्हेशन आहे,” तो म्हणाला. पंधरा दिवसांनी अहवालात छापून आलं की संस्थेने ग्रामीण रुग्णांसाठी विकसित केलेल्या पद्धतीमुळे रुग्ण स्वतःच्या उपचारांची सूत्रे स्वतः हाती घेत आहेत. नागूबाईचं नाव तळाशी, गाडीच्या ड्रायव्हरच्या खाली होतं. तिने ते कापून ठेवलं नाही. पण खोटं कशाला सांगा, ती त्या दिवसांत जरा ताठच चालायची. बाकीच्या आरोग्यसेविकांना ती सांगायची, “आजाऱ्याला इचारायचं असतं गं. एवडं सोपं हाय. पन एकाला म्हनून सुचत न्हाय.”

त्यानंतर तीन आठवडे तिला मंगळवेढ्याकडच्या गावांना पाठवलं. ती पुन्हा वळसंगला उतरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वस्तीवर अंबुबाई गोठ्याच्या तोंडाशी पोत्यावर बसली होती, खांदा पुन्हा तसाच वर चढलेला. भिंतीवरची बोटं चारवरून दोनवर, दोनवरून एकावर आली होती. शेवटचे चार दिवस भिंत कोरीच होती. नागूबाईचं डोकं तडकलं. तिने अंबुबाईच्या केळ्यातून पाकिटं उपसली आणि मोजली. निम्म्या गोळ्या शिल्लक.

जोतिराम चारा घेऊन येत होता. “ये, ये, पुत्रा!” नागूबाईने त्याला अंगणातच गाठलं. “पुन्ना सुरू केलंस व्हय? अफूची भीती! आईला तडफडताना बगवतंय, पन सवय लागंल म्हनून जीव जातोय तुजा! अरं, जनावराला बी कुनी असं ठिवत न्हाय.” शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. नागूबाईला ऐकणारं कोणी असलं की आवाज चढतो, तो चढला. तिने त्याचं शिक्षण काढलं, त्याचा करगोटा काढला, त्याच्या सज्जन चेहऱ्याचाही उद्धार केला. जोतिराम चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन तसाच उभा होता, मान खाली. मध्येच एकदा त्याने तोंड उघडलं. नागूबाईने हाताने गप्प केलं.

“म्याच घेत न्हाय त्या गोळ्या,” अंबुबाई म्हणाली.

नागूबाईला आधी ऐकूच गेलं नाही. अंबुबाईने पुन्हा सांगितलं. तांबडी शेळी पहिलटकरीण होती, आज-उद्या व्यायला झालेली, आणि करडू आडवं आहे असं अंबुबाईच्या हाताला लागलं होतं. असं करडू हात घालून फिरवावं लागतं. ते वस्तीवर तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं आणि राजनंदिनीला शिकवायचं राहून गेलं होतं. नवी वाढवलेली गोळी घेतली की धार निघते, पण दिवसभर गुंगी असते आणि मध्येच डोळा लागतो. “म्हनून दिवसाच्या सोडल्या. रातच्याला तेवडी घेते.”

“खूळ लागलंय काय आक्का? एका शेरडापायी? गोळी नियमित घ्यावी लागती. येळ चुकवली की दुखनं डोक्यावर बसतं. व्यवस्थापन…” इथे नागूबाई थांबली. हा शब्द आपल्या तोंडातून आला हे तिला स्वतःलाच खपलं नाही.

जोतिरामने भारा खाली टाकला. “मावशी, धा दिस झालं पाया पडतोय तिच्या, घे म्हनून,” तो हळूच म्हणाला. “ऐकत न्हाय.”

तेवढ्यात तांबडी ओरडली आणि पुढचा दीड तास बोलायला कोणाला सवड नव्हती. अंबुबाई गुडघ्यांवर बसली. ओठ चावून, घामाने भिजून, ती सुनेचा हात मनगटाला धरून सांगत होती. “आत. आनकी आत. पाय लागला? त्यो सोड, डोकं बग. आता फिरव, हळू… जोर शेरडाला करू दे, तू नगं करू.” मध्येच कळ आली की ती डोळे मिटून थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. नागूबाई पाण्याची बादली धरून उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. करडू निघालं, राजनंदिनीने ते हातात उचललं आणि रडत रडत हसायला लागली.

नागूबाईने बाजूला जाऊन डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, “झोप येते तर दिवसाची गोळी कमी करून देता आली असती, वेळा बदलता आल्या असत्या. कोणी विचारलंच नाही आम्हाला. तिची काय अडचण आहे ते तुम्ही विचारलं नव्हतं का?” नागूबाईने फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा अंबुबाईने स्वतःच एक गोळी पाण्याबरोबर घेतली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा, पण डोळे टक्क उघडे. नागूबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

“लई दुखलं का आक्का?”

अंबुबाईने तिच्याकडे नीट बघितलं. “आता इचारतीस?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “सकाळी आलीस, भित बगितलीस, गोळ्या मोजल्यास. माज्या पोराला चार मानसांपुडं जनावरापरीस वंगाळ केलंस. मी हितंच बसले हुते, हातभर लांब. मला इचारलंस?”

अंगणात जोतिराम खाली पडलेला चारा गोळा करत होता.

“न्हाय,” नागूबाई म्हणाली. “न्हाय इचारलं.”